मुगातला भुंगा आणि नोंदणीची वही: एका नैसर्गिक धान्य संस्थेचं प्रकरण

पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात नैसर्गिक शेतीतला माल सभासदांना पुरवणारी एक छोटी सहकारी ग्राहक संस्था आहे. तिथे दोन पावसाळ्यांच्या दरम्यान जे घडलं त्याची ही नोंद. संस्थेचं, माणसांचं, गावांचं नाव कुठेही दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी तिथली साधी सभासद, कार्यकारिणीत नाही. पण सभांना जाते आणि हिशेबाच्या वह्या चाळायची खोड आहे, म्हणून हे लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू झालेले असे बरेच गट आज दुकान काढायच्या विचारात आहेत. मजकूर मुख्यतः त्यांच्यासाठी.

पार्श्वभूमी

सुरुवात शेजारपाजारच्या सात-आठ जणींनी केली. मावळातल्या एका शेतकऱ्याकडून इंद्रायणी थेट आणायचा, एकीच्या पार्किंगमध्ये गोण्या उतरवायच्या, घरच्या काट्यावर वाटून घ्यायच्या. तांदळामागून सोलापूरकडची मालदांडी ज्वारी आली, मराठवाड्यातून तूरडाळ आणि कडधान्यं, कोल्हापूर भागातून गूळ, मग घाण्याचं शेंगदाणा तेल. गुळावरून पहिल्याच वर्षी गोंधळ झाला. पिवळाधमक गूळ बघायची सवय असलेल्यांना हा काळपट, पावसाळ्यात पाझरणारा गूळ खराब वाटला. रस उकळताना रंग उजळवणारं हायड्रॉस हे रसायन घातलं नाही की गूळ असाच दिसतो, हे समजावण्यात एक हंगाम गेला.

कामाची पद्धत साधी होती. महिन्याच्या २० तारखेपर्यंत वहीत नाव आणि वजन लिहायचं, पैसे तेव्हाच भरायचे, पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी वाटप. ही कल्पना कुणाची स्वतःची नव्हती. एका संस्थापक सभासदाच्या आई मुंबईत ग्राहक पंचायतीच्या संघात होत्या. मुंबई ग्राहक पंचायत १९७५पासून हेच करत आली आहे: आधी यादी, मग घाऊक खरेदी, माल एखाद्या सभासदाच्या दारात उतरतो आणि शेजारची कुटुंबं तिथेच तो वाटून घेतात. दुकान नाही, फळ्या नाहीत.

कुटुंबं शंभराच्या पुढे गेली तेव्हा लाखांचे व्यवहार एकीच्या बचत खात्यातून व्हायला लागले आणि तिच्या नवऱ्याने रास्त तक्रार केली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदणी करायचं ठरलं. वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान १० जण लागतात, इथे शंभरावर होते. भाग कितीही घेतले तरी एका सभासदाला एकच मत, हे सगळ्यांना आवडलं.

नोंदणी झाली आणि वातावरण बदललं. संस्था म्हटली की दुकान हवंच, असं बोललं जाऊ लागलं. पहिल्या कार्यकारिणीतल्या एका निवृत्त काकांचं बालपण मुंबईच्या नायगावात गेलेलं. तिथल्या गिरणी कामगारांनी १९४८मध्ये उभं केलेलं अपना बाजार त्यांनी डोळ्यांनी वाढताना पाहिलं होतं. "लोकांना महिनाभर थांबवून धान्य देणं म्हणजे रेशनिंग झालं. आपलं स्वतःचं दुकान पाहिजे, फळीवर माल पाहिजे," हे त्यांचं म्हणणं आणि त्यात त्यांचा अभिमान होता. तळमजल्यावरचा एक गाळा भाड्याने घेतला, लोखंडी रॅक आले, पगारावर एक ताई नेमल्या, आठवड्याचे सहा दिवस दुकान उघडं. नोंदणीची वही बंद झाली. इतिवृत्तात त्याबद्दल दोन ओळी आहेत: "दुकान सुरू होत असल्याने मासिक नोंदणी थांबवावी. सर्वानुमते मंजूर." चर्चा झाल्याची नोंद नाही. जे हजर होते तेही सांगतात की झाली नव्हती.

मालाच्या खरेपणाबद्दल या प्रकरणात वाद नाही, हे इथेच सांगून टाकते. बहुतेक शेतकरी पीजीएस, म्हणजे सहभागी हमी पद्धतीच्या गटांतले आहेत. या पद्धतीत आसपासचे किमान ५ शेतकरी गट करतात आणि एकमेकांच्या शेताची तपासणी करतात. शिवाय संस्थेची माणसं वर्षातून एकदा तरी शेतावर जाऊन येतात. अडचण आली ती माल खरोखरच बिनऔषधाचा होता म्हणून.

अडचण

दुकानाचं पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी विक्री वाढली आणि तूटही वाढली, पण तूट कुणी वेगळी मोजत नव्हतं. जुलैच्या मध्यावर मुगाची गोणी उघडली तेव्हा ती मोजावी लागली.

हा उन्हाळी मूग. मराठवाड्यातला शेतकरी गव्हानंतर विहिरीच्या पाण्यावर घेतो, त्याने जमिनीलाही बरं पडतं. मेच्या अखेरीस माल आला, रॅकच्या खालच्या फळीवर गेला, वर तूरडाळीच्या गोण्या आल्या. दुकानातल्या ताईंनी सुतळी कापली तर गोणीच्या आतल्या बाजूने तपकिरी भुंगे चढत होते. मूठभर मूग तळहातावर घेतला तर प्रत्येक दाण्यावर खसखशीपेक्षा बारीक पांढरे ठिपके, आणि बऱ्याच दाण्यांना टाचणीच्या डोक्याएवढी गोल, कातरल्यासारखी भोकं. ठिपके म्हणजे अंडी. अळी दाण्याच्या आतच वाढते, आतच कोष करते आणि भोक पाडून भुंगा बाहेर येतो. उबदार, दमट हवेत हे सगळं महिनाभरात उरकतं. मे अखेरचा माल जुलैमध्ये उघडला, म्हणजे दुसरी पिढी बाहेर पडायची वेळ साधली गेली होती. दोन क्विंटल मुगातला निम्म्याहून अधिक गेला. मग बाकीच्या गोण्या बघितल्या. चवळीत तेच. तांदळात सोंडे, रव्यात पोरकिडे.

किराणा दुकानातल्या मुगाला असं सहसा होत नाही, कारण घाऊक गोदामांत धान्याला अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडची धुरी दिलेली असते. ते काम परवाना असलेल्या माणसांचं, आणि नैसर्गिक म्हणून विकायच्या मालाला ती चालतच नाही. बिनऔषधाचं धान्य टिकत नाही असं नाही, पण ते थांबू शकत नाही. दुकान म्हणजे तर मालाला गिऱ्हाईक येईपर्यंत थांबायला लावायची जागा.

एका सभासदाने किड्यांचा फोटो गटावर टाकला, खाली एकच ओळ: "यासाठी दुप्पट पैसे देतो का आपण?" चार दिवस कार्यकारिणीने काही उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं यावर त्यांचं एकमत होत नव्हतं. त्या चार दिवसांत गटाचे दोन तट पडले. एक म्हणे किडा लागतो हाच शुद्धतेचा पुरावा. दुसरा म्हणे मग पुरावा तुम्हीच खा.

खजिनदारांनी मधल्या काळात वेगळंच काम केलं. गाळ्यात पडलेल्या प्रत्येक गोणीची आल्याची तारीख पावत्यांवरून शोधून काढली. त्या यादीने चर्चेची दिशा बदलली. इंद्रायणी, आंबेमोहर, तूरडाळ, गूळ, तेल यांना गाळ्यात महिनाही काढावा लागत नव्हता. ज्वारी, नाचणी, कुळीथ, चवळी, अख्खे मूग तीन-तीन, चार-चार महिने बसून होते. सभासद ऑफिसातून परतताना येत, दोन किलो तांदूळ आणि गुळाची ढेप घेत, बाकीचं दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या अ‍ॅपवरून मागवत. यात त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. दुकान उघडं ठेवलं की लोक दुकानात वागतात तसेच वागणार. पण शेतकऱ्याकडे फक्त तूर पिकत नाही. त्याच्या फेरपालटात मूग येतो, ज्वारी येते. ते कुणी घेतलं नाही तर त्याला तूरही दुसरीकडे द्यावी लागते.

पैशाचा प्रवाहही उलटा झाला होता. वहीच्या काळात सभासदांचे पैसे आधी येत आणि शेतकऱ्याला माल उतरताच मिळत. दुकान झाल्यावर संस्थेचे पैसे गोण्यांत अडकले आणि शेतकरी दीड-दोन महिने वाट पाहू लागला. भागभांडवल तेवढंच होतं. माझ्या मते संस्थेचं खरं भांडवल ती वही होती आणि ते दोन ओळींच्या ठरावाने गेलं.

पहिला निर्णय: मुगाचे पैसे

सगळ्यात आधी शेतकऱ्याच्या बिलाचं ठरवायचं होतं, तेही थकलेलं होतं. एका सदस्याचं मत, माल किडका निघाला तर निम्मे पैसे कापावेत, बाजारात हेच करतात. सचिव ताईंनी विचारलं, "भुंगा आला कुठून? त्यांच्या शेतातून की आपल्या गाळ्यातून?" सभासदांमध्ये कृषी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांनी सांगितलं की हा भुंगा शेतातच शेंगांवर अंडी घालतो, म्हणजे सुरुवात शेतातून. पण एका पिढीच्या दोन झाल्या त्या गाळ्यात. जूनच्या पहिल्या आठवड्यात मूग वाटला गेला असता तर भुंगे घरोघरी निघाले असते, पण किलो-दोन किलोत, आणि तोवर त्यातला बराचसा उसळीत गेला असता.

शेतकऱ्याशी फोन झाला, स्पीकरवर, सगळ्यांसमोर. ते म्हणाले, "ताई, घरचा मूग आम्ही मिरगाच्या आत भरडून डाळ करून ठेवतो. अख्खा राहतच नाही तो पावसाळ्यात. तुम्ही अख्खा मागितला, म्हणून अख्खा दिला."

बैठकीत यावर कुणाला बोलता येईना. भुंग्याला अंडी घालायला आणि अळीला वाढायला अख्खा दाणा लागतो. साल काढून भरडलेल्या डाळीत त्याचं फारसं चालत नाही. जुन्या घरांतून उन्हाळ्यात जात्यावर डाळी भरडत त्याचं हेच कारण. हे त्या बैठकीतल्या निम्म्या जणींना आईकडून माहीत होतं, पण मागणी नोंदवताना आठवलं नव्हतं, आणि शेतकऱ्याला "तुम्ही स्वतःसाठी कसा ठेवता?" असं कधी कुणी विचारलंच नव्हतं.

पूर्ण पैसे द्यायचं ठरलं, तूट संस्थेने सोसली. किडका मूग एका कुक्कुटपालकाला नाममात्र दराने गेला. याच बैठकीत एक चांगला पायंडा पडला: येणाऱ्या प्रत्येक गोणीतून मूठभर दाणे काचेच्या बरणीत घालून, झाकणाला कापड बांधून, तारीख लिहून बरणी खिडकीत ठेवायची. महिन्याभरात बरणीत भुंगे निघाले तर अंडी शेतातून आली. बरणी स्वच्छ आणि गोणीत भुंगे असतील तर गाळ्याचा दोष. दोष कुणाचा यावर वाद घालण्यापेक्षा हे बरं.

पर्याय

विशेष सर्वसाधारण सभा ऑगस्टमध्ये झाली. पाऊस असूनही हॉल भरला, फोटोचा तेवढा उपयोग झाला.

थंड साठवणीचा पर्याय लवकर मागे पडला. डीप फ्रीझरमध्ये तीन-चार दिवस ठेवलं तर अंड्यांसकट सगळं मरतं, पण ते दहा-वीस किलोला जमतं. गोण्यांसाठी शीतगृह घ्यायचं तर भाडं, वाहतूक, आणि डाळ-तांदूळ पुन्हा दुकानातच यायचे.

दुकान सर्वांना खुलं करावं ही सूचना नायगावच्या काकांची, आणि त्यांनी ती उत्तम मांडली. माल फिरला पाहिजे, तर गिऱ्हाईक वाढलं पाहिजे, सोपं गणित. विरोध करणाऱ्यांचा मुद्दा असा की बाहेरच्या गिऱ्हाइकाला पाकीट लागतं. सुट्टं धान्य चाळणीसकट घेणारा तो सभासद, कारण त्याने शेत पाहिलेलं असतं. पाकीट म्हटलं की लेबल आलं, त्यावरचे नियम आले, आणि उलाढाल वाढून जीएसटी नोंदणीची मर्यादा ओलांडली की १८ जुलै २०२२ पासूनचा ५ टक्के करही आला, जो २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबलवाल्या धान्य-डाळींना लागतो आणि सुट्ट्याला लागत नाही. शिवाय अनोळखी गिऱ्हाइकासाठी फळी नेहमी भरलेली ठेवावी लागते. म्हणजे जास्त गोण्या, जास्त थांबणं. मतदान झालं. काका थोडक्या मतांनी हरले.

प्रत्येक कुटुंबावर दरमहा किमान खरेदी सक्तीची करावी, असा तिसरा पर्याय. "मग ही ग्राहक संस्था राहिली नाही, भिशी झाली," असं मागून कुणीतरी म्हणालं आणि हशात तो विषय संपला. मला तो इतका टाकाऊ वाटला नव्हता.

एका सभासदाची मुलगी न्यूयॉर्कला असते. ब्रुकलिनमध्ये १९७३पासून चालणाऱ्या पार्क स्लोप फूड कोऑपमध्ये ती जाते. तिथे खरेदी करायची तर सभासदाने ठरलेल्या पाळीला येऊन काम करावंच लागतं, माल लावणं, गल्ला सांभाळणं, सफाई. तसं इथे करावं, पगार वाचेल. यावर एक काकू उठल्या. इतकी वर्षं सभेत त्या बोललेल्या मला आठवत नाहीत. त्या म्हणाल्या, "काम आत्ताही होतंय. निवडणं, पाखडणं, वाटप, सगळं आम्ही पाच-सहा जणीच करतो. का, तर तुम्ही घरीच असता ना. आम्ही घरी असतो म्हणजे रिकाम्या असतो का? पाळी लावायची असेल तर सगळ्यांना लावा, नोकरीवाल्यांनाही, पुरुषांनाही." भुंग्याशी याचा थेट संबंध नव्हता, पण सभेतलं सगळ्यात खरं बोलणं हेच होतं. पाळीची योजना जशीच्या तशी मंजूर झाली नाही. ठराव असा झाला की वाटपाच्या कामाला यायचं, नाहीतर निवडणी-वाटपाचे पैसे मालाच्या किमतीत वेगळे भरायचे, आणि ते पैसे काम करणाऱ्याला मिळायचे.

राहिला वहीकडे परत जाण्याचा पर्याय. त्यावरच्या हरकती खऱ्या होत्या. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये धान्य ठेवायचं कुठे? भाड्याने राहणारे जूनमध्ये घर बदलतात. तीन महिन्यांनी किती ज्वारी लागेल हे आज कसं सांगायचं? आणि आगाऊ पैसे सगळ्यांना जमत नाहीत. एका निवृत्त शिक्षकांनी रॉचडेलचा दाखला दिला. इंग्लंडमधल्या त्या गावात १८४४मध्ये २८ जणांनी काढलेलं दुकान जगभरच्या ग्राहक सहकाराचं मूळ मानतात, आणि पहिल्या दिवशी तिथे पीठ, ओटचं पीठ, लोणी, साखर असा मोजकाच माल होता, तोही रोखीने. "आपल्या फळ्यांवर पन्नास जिन्नस कशाला?" त्यांचा प्रश्न दाखल्याशिवायही पटण्यासारखा होता.

काय केलं

निर्णय एका फटक्यात झाला नाही. नंतरच्या दोन बैठकांत एक सूत्र हाती लागलं ते खजिनदारांच्या तारखांच्या यादीतून: जिन्नस किती खपतो याआधी तो किती थांबू शकतो हे बघायचं.

तांदूळ, गहू, ज्वारी, तूरडाळ यांची नोंदणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, निम्मे पैसे आगाऊ, वाटप एप्रिल-मेमध्ये. म्हणजे आपल्या आज्या जी उन्हाळी बेगमी करत तीच, फक्त शंभर घरांनी मिळून. रब्बीची ज्वारी आणि गहू तेव्हा नुकते आलेले असतात, उन्हं कडक असतात. एका सोसायटीने गच्ची दिली. वाटपाआधी धान्याला तिथे दोन-तीन दिवस कडक ऊन देऊन, थंड करून मगच वजन करायचं. गरम धान्य डब्यात भरलं तर आत दमटपणा धरतो, हे गच्चीवरच्या आज्यांनी सांगितलं. गूळ, तेल, पोहे, रवा दर दोन महिन्यांनी. कडधान्यं फक्त नोंदणीपुरती, आणि मूग शेतकऱ्याकडूनच डाळ करून. उसळीसाठी अख्खे मूग हवेत त्यांना ते मिळतात, पण वाटपाच्या दिवशी घेऊन जायचे आणि जागा असेल तर आधी चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवायचे.

जागेची अडचण पूर्ण सुटली नाही. काहींनी हवाबंद पिशव्या घेतल्या. या पिशव्या काठोकाठ भरून, हवा दाबून काढून तोंड घट्ट बांधायचं, आत राहिलेले किडे प्राणवायू संपवतात आणि मरतात. रोज उघडझाक केली तर काही उपयोग नाही, म्हणून पाच-पाच किलोच्या. तूरडाळीला एरंडेल चोळणं अनेकींना माहीत होतंच. "बोरिक पावडर लावू का?" हा प्रश्न दर आठवड्याला यायचा. उत्तर ठरलेलं: मग साधा तांदूळ घ्या, स्वस्त पडेल.

गाळा सोडला. मागच्या गल्लीत एक खोली घेतली, आठवड्यातून दोन संध्याकाळी उघडी.

ज्वारी-नाचणी खपवायचा पहिला उपाय पार फसला. आंबेमोहर हवा असेल त्याने सोबत दोन किलो ज्वारी घेतलीच पाहिजे, असा नियम केला. लोकांनी निमूट घेतली आणि घरी कामाला येणाऱ्या मावशींना देऊन टाकली. मावशींचं चांगलं झालं, पण पुढच्या वेळी आंबेमोहराचीच मागणी घटली. नियम एका फेरीत गेला. चालली ती भाजणी. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभराडाळ, उडीद, धणे-जिरे खमंग भाजून दळलं की थालीपिठाची भाजणी तयार, आणि जो माणूस ज्वारीकडे बघत नाही तोही ती दोन किलो नेतो. वस्तीतल्या एका बचत गटाने भाजायचं काम घेतलं. उरलेलं धान्य किडेपर्यंत न थांबता मेमध्येच भाजणीला जातं.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याशी नवं ठरलं: नोंदणीची रक्कम जमली की तिसरा हिस्सा आधी, बाकी माल उतरताच, आणि तुरीबरोबर मूगही संस्था घेणारच, डाळ करून. भरडाई आणि घट धरून डाळीचा भाव त्यांनीच सांगितला. घासाघीस केली नाही.

निकाल

पुढच्या पावसाळ्यात संस्थेच्या खोलीत किड्यांची तक्रार जवळजवळ आली नाही, कारण खोलीत फारसं काही नव्हतंच. किडे गेले नाहीत, त्यांनी पत्ता बदलला. ऑगस्टमध्ये चार-पाच घरांतून तांदळात सोंडे झाल्याचे फोन आले. फरक एवढाच की कुणी फोटो टाकून पैसे परत मागितले नाहीत. आपण उन्हात वाळवलेलं, आपण भरलेलं, तेव्हा चाळून पुन्हा ऊन द्यायचं हे त्यांना माहीत होतं.

शेतकऱ्यांची थकबाकी दिवाळीपर्यंत फिटली. बरणीची चाचणी तीनदा उपयोगी पडली. त्यात दोनदा दोष शेतातला निघाला आणि शेतकऱ्याने भावात सूट दिली, एकदा आपल्या खोलीतल्या ओलीचा.

साधारण पाव सभासदांनी खरेदी बंद केली. हे मुख्यतः वाटेवर थांबून पिशवीभर नेणारे, त्यांच्या दृष्टीने संस्था बंदच पडली. भाग त्यांनी परत मागितलेले नाहीत. नायगावचे काका काही महिने फिरकले नाहीत, आता वाटपाच्या दिवशी काट्यावर तेच बसतात आणि दहा ग्रॅम सोडत नाहीत. दुकानातल्या ताईंचा पगार मात्र दोन दिवसांचा झाला. तो परवडेना म्हणून त्या एका मॉलमध्ये नोकरीला गेल्या. माल नासला की आधी त्यांना दिसायचा, त्याबद्दल त्यांना सभेत कुणी विचारलं नव्हतं.

काय वेगळं करता आलं असतं

दुकान काढणं हीच चूक, असं मी म्हणणार नाही. दुकान आणि वही एकत्र चालू शकतात: गूळ, तेल, पोहे फळीवर, धान्य-कडधान्य नोंदणीने. त्या सभेत कुणी तसं सुचवलं असतं तर मंजूर झालं असतं. अपना बाजार की ग्राहक पंचायत असा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, तो नंतर आम्ही तयार केला.

प्रत्येक गोणीवर आल्याची तारीख खडूने लिहायला काहीही खर्च नव्हता. ती असती तर मूग जूनमध्येच डोळ्यांत आला असता आणि तूट किती हे दर महिन्याला कळलं असतं. तूट वेगळी मोजत नाही अशा कोणत्याही गटाने उद्यापासून मोजावी.

फोटो आला त्याच संध्याकाळी "मुगाला भुंगा लागला आहे, विक्री थांबवली आहे, नेलेला मूग परत करा, पैसे मिळतील" एवढ्या चार ओळी पुरे होत्या. कारण शोधून मग बोलू, असं म्हणताना शुद्धतेचे पुरावे देणाऱ्यांना मोकळं रान मिळालं, आणि जी कुटुंबं नंतर गेली त्यांतल्या काहींनी त्याच चार दिवसांत मन बनवलं होतं.

शेतकऱ्याला कसं पिकवता हे आम्ही दरवर्षी विचारतो. कसं साठवता हा प्रश्न आता शेतभेटीच्या तक्त्यात घातला आहे. त्यातून मालदांडी कडब्यासकट किती दिवस ठेवतात, तांदूळ कांडायचा कधी, अशी बरीच माहिती निघते आहे, आणि भाताच्या बाबतीत तर एकदम सगळं कांडून आणण्यापेक्षा दोन हप्त्यांत कांडलं तर कीड कमी, असं मावळातल्या दादांचं म्हणणं आहे. यंदा तसं करून बघणार आहोत.

एक गोष्ट अजून तुंबलेली आहे. एप्रिलमध्ये एकदम पाच-सहा हजार भरणं ज्यांना शक्य नाही ती कुटुंबं या पद्धतीत बाहेरच राहतात. भाजणी करणाऱ्या बचत गटातल्या एकाही बाईच्या घरी संस्थेचा तांदूळ जात नाही. त्यांच्यासाठी ऑक्टोबरपासून दर आठवड्याला थोडे-थोडे पैसे भरून एप्रिलचा हप्ता जमवायची योजना सचिव ताईंनी मांडली आहे. लेखापरीक्षकांनी सांगितलंय की रक्कम ठेव म्हणून न घेता मालापोटी आगाऊ म्हणून, पावती देऊन घ्या. खजिनदारांची हरकत अशी की मधेच कुणी सोडलं तर परतावा कशातून द्यायचा, आणि दर आठवड्याला पावत्या फाडायच्या कुणी. दुसऱ्या प्रश्नाला काट्यावरचे काका तयार आहेत. पहिल्याचं उत्तर सप्टेंबरच्या वार्षिक सभेत शोधायचं आहे.